नकाराचा कागद मागून घ्या



सरकारी कचेरीत कानावर पडणाऱ्या शब्दांत सर्वांत लहान आणि सर्वांत जड शब्द कोणता, तर ‘नाही’. ‘आजी, तुमचं नाव यादीत बसत नाही.’ ‘काका, तुमचं अपंगत्व तेवढं भरत नाही.’ ‘बाबा, मुलगा कमावता आहे, तुम्हांला अनुदान मिळायचं नाही.’ म्हातारे माणूस हे ऐकते, काठी उचलते आणि मिळेल त्या एसटीने गावी परतते. घरी कोणी विचारले तर सांगते, ‘नाही म्हणाले.’ कोण म्हणाले, कशावरून म्हणाले, कोणत्या नियमाने म्हणाले, यांपैकी काहीच त्याच्याजवळ नसते. असते ती फक्त परतीच्या तिकिटाची चिठ्ठी.

आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या ‘नाही’विषयी. वृद्ध, विधवा, दिव्यांग, ज्यांचे पाहणारे कोणी नाही किंवा असून नसल्यासारखे आहे, अशा माणसांच्या सांभाळाविषयी सरकारदरबारी जे निर्णय होतात, ते चुकीचे वाटले तर दाद कशी मागावी आणि त्यासाठी कायद्याचा सल्ला एक पैसाही न देता कोठे मिळतो, एवढाच आपला विषय आहे.

प्रथम हे निर्णय कोठे होतात ते पाहू. त्यांची मुख्य दारे तीन.

पहिले दार तहसील कचेरीचे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि पासष्टीच्या पुढल्यांसाठी श्रावणबाळ योजना यांचे अर्ज येथे येतात आणि तालुक्याची समिती ते मंजूर वा नामंजूर करते. वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिल्याचा पुरावा, असे कागद लागतात. अनेकांचे गाडे यांतच कोठेतरी रुतते. कधी मंजूर झालेले अनुदानही मधेच थांबते. हयातीचा दाखला गेलेला नसतो, बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसते, किंवा आयुष्यभर विळा-खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र अंगठा ओळखत नाही. अनुदान थांबणे हाही एक निर्णयच आहे हे ध्यानात ठेवा.

दुसरे दार सरकारी रुग्णालयाचे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र येथे मिळते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. त्यामुळे डॉक्टरांनी कागदावर ३५ लिहिले की ४०, यावर एखाद्या माणसाची उरलेली सारी वर्षे अवलंबून असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. प्रमाणपत्र नाकारले तर त्याची कारणे लेखी कळवावी लागतात, आणि तो निर्णय मान्य नसेल तर अपील करता येते.

तिसरे दार प्रांताचे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याचे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ साली जो कायदा झाला, त्याखालचे न्यायाधिकरण या अधिकाऱ्याकडे असते. मुले सांभाळत नाहीत अशी तक्रार येथे नेता येते. त्याविषयी पुढे सविस्तर सांगतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. यांपैकी कोणत्याही दारात ‘नाही’ ऐकू आले, तर पहिली गोष्ट काय करायची? रडायचे नाही, भांडायचे नाही, आणि मध्यस्थाच्या हातात नोटा तर मुळीच द्यायच्या नाहीत. शांतपणे एवढेच म्हणायचे, ‘साहेब, हे मला कागदावर लिहून द्या.’

तोंडी नकार म्हणजे वाऱ्यावरची वरात. त्यावर अपील करता येत नाही, वकील त्यावर मत देऊ शकत नाही. लेखी नकाराला मात्र तारीख असते, कारण असते, खाली सही असते. ‘उत्पन्न जास्त’ असे कारण असेल तर उत्पन्न कमी असल्याचे दाखवता येते. ‘वयाचा पुरावा नाही’ असे असेल तर पुरावा शोधता येतो. कारण कळले की निम्मे काम झाले.

लिहून देत नसतील तर? तर आपण लिहून द्यायचे. ‘अमुक तारखेला मी अर्ज केला, अमुक तारखेला मला तोंडी नकार मिळाला, कृपया कारण लेखी कळवावे,’ असा चार ओळींचा अर्ज आवक-जावक विभागात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्यावी. यालाच आपण पोच म्हणतो. ज्याच्याजवळ पोच, त्याच्याजवळ पुरावा. तेवढ्यानेही उत्तर आले नाही, तर २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज होतो, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही नाही, आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला त्याची कारणे सांगितली पाहिजेत, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची नक्कलही मागता येते.

उत्पन्नाच्या दाखल्यासारखे कागद वेळेवर मिळत नसतील, तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा उपयोगी पडतो. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे त्याखाली ठरवून दिलेले आहे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. येथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. कायद्यात दिवस मोजलेले असतात. मागे पडलेला दिवस पुन्हा मिळवताना फार यातायात पडते. म्हणून नकाराचा कागद हाती आला की घरातल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला खूण करा आणि अपिलाची मुदत किती, हे त्याच आठवड्यात विचारून घ्या.

पण विचारायचे कोणाला? येथे आपल्याकडली एक जुनी म्हण आडवी येते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांचेही चुकले नाही. बांधावरून भांडण लागावे आणि वकिलाच्या फीपायी बांधासकट शेतच विकले जावे, असे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण फीचा हा धाक गरिबापुरता तरी दूर व्हावा, म्हणून आपल्या देशात बराच विचार झाला, आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली, हे सांगायला आनंद वाटतो.

१९२४ च्या सुमारास मुंबईत गरिबांना कायद्याची मदत देणारी एक संस्था स्थापन झाली, ‘बॉम्बे लीगल एड सोसायटी’. त्या काळी ही मदत म्हणजे दानधर्म होता. कोणी अन्नछत्र घालतो, कोणी पाणपोई लावतो, तसा वकील आपला वेळ देई. १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली. पुढे त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे काम देशपातळीवर नेले. १९७६ साली राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले. पैसा नाही म्हणून कोणी न्यायाला मुकू नये, यासाठी राज्याने मोफत कायदेविषयक मदत द्यावी, असे ते सांगते. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला.

दानाचा असा हक्क झाला. या दोहोंत फरक काय? दान देणारा आज देईल, उद्या देणार नाही, आणि त्याला कोणी जाब विचारू शकत नाही. हक्काच्या बाबतीत नकार द्यायचा तर कारण द्यावे लागते. म्हणून या मदतीसाठी जाताना पदर पसरल्यासारखे वाटून घेऊ नका. धर्मादाय संस्था, कायद्याच्या महाविद्यालयांतील सल्ला केंद्रे, स्वखुशीने गरिबांचे काम करणारे वकील आजही आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. पण ते जेथे पोहोचत नाहीत, तेथेही कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे.

हे दार कोठे आहे? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथवर जाणे होत नसेल, तर १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा निराळा क्रमांक आहे. काही गावांतून विधी स्वयंसेवकही काम करतात. ते वकील नसतात, पण अर्ज लिहून देणे, योग्य कार्यालयापर्यंत सोबत करणे, हे काम ते करतात.

ही मदत कोणाला मिळते? स्त्रियांना मिळते, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो. मुलांना, दिव्यांग व्यक्तींना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, कारखान्यातील कामगारांना, तुरुंगात वा कोठडीत असलेल्यांना, पूर, दुष्काळ, भूकंप यांनी गांजलेल्यांना मिळते. यांतही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. आता आपल्या गावातली माणसे डोळ्यांपुढे आणा. विधवा म्हातारी आली, लंगडत चालणारा गडी आला, कोरडवाहू एकरभर शेतावर जगणारा म्हातारा आला. आजच्या विषयातला बहुतेक प्रत्येक माणूस यात बसतो.

आणि मिळते काय? कोर्टात उभा राहणारा वकील तर मिळतोच, पण नुसता सल्लाही मिळतो. कोर्टाची फी, कागद टंकलिखित करण्याचा खर्च, नकलांचा खर्च, हेही त्यात येते. कोर्टाखेरीज इतर अधिकारी आणि न्यायाधिकरणे यांच्यापुढील कामातही ही मदत कायद्याने धरलेली आहे. लिहिता येत नसेल तर अर्ज तोंडी सांगता येतो. तेथील माणूस लिहून घेतो व अंगठा घेतो. नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. ‘थोडं चहापाण्याचं बघा’ असे कोणी म्हणालेच, तर ती तक्रार त्याच कार्यालयात करावी. आणि ही मदतच नाकारली गेली, तर त्या निर्णयाविरुद्धही अध्यक्षांकडे दाद मागता येते.

वकिलाचा सल्ला नेमका कशासाठी लागतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एक विधवा बाई आहे. मुलगा शहरात नोकरीला आहे, तो पैसे पाठवत नाही. तहसीलीत तिला सांगतात, ‘मुलगा कमावतो, म्हणून अनुदान नाही.’ आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. मुलगा आपल्याला काही देत नाही हे दाखवून नकाराविरुद्ध प्रांताकडे वा जिल्हाधिकाऱ्याकडे दाद मागायची, ही एक. मुलाकडूनच चरितार्थ मागायचा, ही दुसरी. पहिली वाट चालण्यासारखी आहे का, हे योजनेच्या नियमात मुलाचे वय आणि कुटुंबाचे उत्पन्न यांविषयी काय लिहिले आहे त्यावर ठरेल. हे नियम वेळोवेळी बदलतात. चावडीवरचा अंदाज येथे चालत नाही. चालू नियम वाचणारा माणूस हवा. तो म्हणेल, ‘आजी, पहिल्या वाटेनं जाऊ नका, दुसरी धरा.’ एवढ्या एका वाक्याने तिचे वर्षभराचे खेटे वाचतात.

दुसरी वाट कशी आहे तेही बघा. २००७ च्या कायद्याप्रमाणे आईवडिलांना मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्याकडून चरितार्थ मागता येतो. अपत्य नसलेल्या साठ वर्षांवरील माणसाला, ज्या नातेवाइकाकडे त्याची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याच्याकडून मागता येतो. अर्ज स्वतः करता येतो. अंगात बळ नसेल तर अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये देववता येतात. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. निकाल होईपर्यंत खाण्यापिण्यापुरती अंतरिम रक्कमही मागता येते. अर्ज फेटाळला किंवा रक्कम फार कमी ठरवली, तर ज्येष्ठाला ६० दिवसांत अपील करता येते. हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीसाठी अर्ज करावा. येथेही दिवसच मोजायचे आहेत.

या न्यायाधिकरणात वकील उभा करता येणार नाही, असे याच कायद्यात म्हटले आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली हा निर्बंध मानला नाही. तरी मूळ कायद्याचा रोख असा की गरीब म्हाताऱ्याने आपले गाऱ्हाणे आपल्या तोंडाने मांडावे. म्हणून तर आधीचा सल्ला अधिक मोलाचा. बोलणारे आपण, पण काय बोलावे, कोणता कागद पुढे करावा, हे समजून घेऊन गेलेले बरे.

बक्षीसपत्राविषयी चार शब्द सांगितलेच पाहिजेत. प्रेमापोटी म्हातारा घर आणि जमीन मुलाच्या नावावर करतो, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याची पथारी गोठ्याकडे सरकते. हा कायदा लागू झाल्यानंतर, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडली तर परत मिळू शकते. पण अट होती हे दाखवावे लागते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगून एक प्रकरण ज्येष्ठाच्या विरुद्ध निकालात काढले. उलट जानेवारी २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातील एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवले. कारण मुलगा सांभाळ करील हे त्या वेळच्या कागदांत आलेले होते. दोन्ही निकालांतून आपण एकच धडा घ्यायचा. देताना अट तोंडी ठेवू नका. ‘माझ्या हयातीत माझा सांभाळ करील’ हे वाक्य कागदात घाला. आणि सहीच्या आधी एकदा मोफत सल्ला घ्या. सहीनंतर घेतलेला सल्ला औषधासारखा असतो, सहीआधी घेतलेला पथ्यासारखा.

सल्ला घेतला म्हणजे प्रत्येक प्रकरण जिंकलेच, असे मात्र समजू नये. कधी तो सल्लागार कागद पाहून म्हणेल, ‘हा निर्णय नियमाला धरून आहे, येथे अपील टिकणार नाही.’ हेही ऐकून घ्यावे. घरात सुनेलाही राहण्याचा हक्क असतो. तिला घराबाहेर काढण्यासाठी ज्येष्ठांच्या कायद्याचा वापर सरसकट करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. खालचे सर्व उपाय खुंटले आणि अन्याय उघड असेल, तर उच्च न्यायालयाचे दार आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि २०२५ पासून कोल्हापूर येथे ते बसते, आणि तेथेही विधी सेवा समिती आहे. पण फार थोड्या प्रकरणांना इतके दूर जावे लागते. पुष्कळशी एका दाखल्याने, एका लेखी अर्जाने, वेळेवर केलेल्या एका अपिलाने मार्गी लागू शकतात.

शिक्षक मित्रांनो, आता तुमच्यासाठी. गावात कोणाच्या हाती सरकारी लिफाफा पडला की तो वाचायला तुमच्याकडेच आणतात. तुम्ही वकील व्हावे असे कोणी म्हणत नाही. चार कामे केली तरी पुष्कळ झाले. पत्र पूर्ण वाचून दाखवा आणि त्यावरची तारीख मोठ्याने सांगा. कारण कोणते लिहिले आहे ते सोप्या शब्दांत समजावा. अर्ज लिहिलात तर तो अंगठ्याआधी वाचून दाखवा आणि प्रत त्या माणसाजवळ ठेवा. चौथे काम तर खास तुमचेच. वयाचा पुरावा नाही म्हणून एखाद्याचा अर्ज अडला असेल, तर शाळेचे जुने दाखलखारीज रजिस्टर उघडून पाहा. म्हातारा इयत्ता दुसरीत शाळा सोडून गुरांमागे गेला असेल, पण त्याचे नाव आणि जन्मतारीख तेथे असू शकेल. पन्नास-साठ वर्षे कपाटात पडलेली ती एक ओळ एखाद्याच्या चुलीला आधार होऊन जाते. मात्र ‘तुमचं काम होणारच’ असा शब्द देऊ नका, आणि त्यांच्या जागी आपली सही करू नका.

आणि आजी-आजोबांनो, एक जुनी पिशवी घ्या. तिच्यात आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, आलेले प्रत्येक पत्र आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच ठेवा. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, नक्कल द्या. पुढल्या खेपेस खिडकीतून ‘नाही’ असा शब्द आला, तर पिशवी उघडा, आपल्या अर्जाची प्रत काढा आणि म्हणा, ‘ठीक आहे, बाळा. यावर कारण लिही, तारीख घाल आणि सही कर.’ तो कागद घेऊन तालुक्याच्या कोर्टात जा. तेथे विधी सेवा समितीचे कार्यालय विचारा. त्या पायरीवर चढायला पैसे पडत नाहीत.